पायात साठतं ते लॅक्टिक ॲसिड नव्हे

ट्रेकिंगच्या आणि धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा आशय असा: व्यायामाने स्नायूंत लॅक्टिक ॲसिड नावाचं विष साठतं. त्यानेच माणूस थकतो, त्यानेच दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. मालिश करून, लिंबूपाणी पिऊन ते बाहेर काढा. धावताना तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहा. आणि ‘आता बस’ असं मन म्हणतं तेव्हा शरीराची फक्त ४० टक्के ताकद वापरलेली असते, म्हणून थांबू नका.

शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे. पण सुरुवात पायदुखीपासून करू.

जोरात पळून थांबल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. पाय मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरतात. जे केव्हाच निघून गेलं ते दोन दिवसांनी कसं दुखवेल? १९८३ साली सपाट ट्रेडमिलवर धावणं आणि उताराच्या ट्रेडमिलवर धावणं यांची तुलना झाली. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट फारसं वाढलं नाही, आणि पाय चांगलेच दुखले. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी आपलं वजन तोलायला आकसण्याचा जोरही लावत असतो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते आणि ठणका लागतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये दम निघतो तो यवतेश्वरचा घाट चढताना. पण सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो घाट उतरल्यामुळे. रायगडाच्या पायऱ्या उतरून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ‘विष’. हा समज बराच जुना आहे. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या कापून घेतलेल्या स्नायूंवर प्रयोग केले. प्राणवायू नसताना स्नायू थकत गेला तसं त्यात लॅक्टिक ॲसिड साठत गेलं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या आणि एक दुसरीचं कारण ठरली. पण तो स्नायू रक्तप्रवाहापासून तुटलेला होता. जिवंत शरीरात लॅक्टेट हे इंधन आहे: हृदय ते जाळतं, शेजारचे स्नायू वापरतात, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं. सर्वांत बोलका पुरावा १९५१ साली वर्णन झालेल्या मॅकआर्डल आजारात मिळतो. या रुग्णांच्या स्नायूंना साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, फोडताच येत नाही, त्यामुळे व्यायाम करताना त्यांचं लॅक्टेट जवळजवळ वाढत नाही. लॅक्टिक ॲसिडनेच थकवा येत असता तर ही माणसं थकलीच नसती. प्रत्यक्षात ती जिना चढतानाच थकतात.

मग थकवा कशाने येतो? ४०० मीटर जीव तोडून पळताना मांड्यांत आग होते, तिच्यात वाढलेल्या आम्लतेचा हात आहे. पण त्याहून मोठा वाटा स्नायूपेशीत साचणाऱ्या फॉस्फेटचा आणि त्यामुळे बिघडणाऱ्या कॅल्शियमच्या ये-जा करण्याचा आहे. मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटरच्या पुढे पाय शिशाचे होतात ते मुख्यतः ग्लायकोजेन संपत आल्यामुळे. सगळ्या थकव्याला एकच कारण चिकटवणं इथेच चुकतं.

मालिशने बरं वाटतं, दुखणं थोडं कमी जाणवतं. जरूर करा. लिंबूपाणीही खुशाल प्या. बाहेर काढण्यासारखं काही आत उरलेलंच नसतं, एवढंच.

तहानेआधीच पाणी पीत राहण्याचा सल्ला मात्र असा निरुपद्रवी नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं निघालं. त्याचा सर्वांत ठळक संबंध होता शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे घामावाटे गेलं त्याहून जास्त पिण्याशी. सोडियम फार उतरलं की मेंदूला सूज येते आणि माणूस दगावू शकतो. तहान लागेल तसं प्यावं.

राहिले ते ४० टक्के. मेंदू स्नायूंच्या आधी थांबवतो, हे खरंच आहे. २०१० मध्ये मार्कोरा आणि स्टायानो या संशोधकांनी रग्बी खेळाडूंना २४२ वॅटवर, पाय चालेनासे होईपर्यंत सायकल मारायला लावली. लगेच पाच सेकंदांचा जोर मागितला, तर त्याच पायांनी सरासरी ७३१ वॅट दिले. पण ४० हा आकडा कोणत्याही मोजमापातून आलेला नाही. आणि उरलेली ताकद ही आळसापोटी दडवलेली शिल्लक नव्हे. उष्ण हवेतल्या १९९९ च्या एका प्रयोगात सायकलपटूंनी वेगवेगळ्या शरीर-तापमानाला सुरुवात केली, तरी सगळे थांबले ते शरीर ४० अंशांच्या जरा वर पोहोचल्यावर. तिथून पुढे उष्माघाताची हद्द सुरू होते. ‘मनाचं ऐकू नकोस’ हा सल्ला मे महिन्याच्या उन्हात पळणाऱ्या मुलाला देणं म्हणजे त्याचा हा एकमेव पहारेकरी काढून घेणं.

सोबतचा कुणी धावताना झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला प्रोत्साहन देऊ नका. थांबवा, सावलीत आडवं करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, बर्फ असेल तर बर्फाच्या पाण्यात बसवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. ती येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. उष्माघातात आधी अंग थंड करायचं असतं, मग दवाखाना.