स्थळ असुरक्षित आहे

“संकेतस्थळाचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी ताबडतोब व्यासपीठाकडे यावं. स्थळ असुरक्षित दाखवतंय!”

गेल्या रविवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी ही घोषणा झाली, तेव्हा मी उपम्याच्या रांगेत तिसरा होतो. वधू-वर मेळाव्यात ‘स्थळ असुरक्षित’ हे दोन शब्द माइकवरून उच्चारले की काय होतं, ते पाहायलाच हवं. पहिल्या तीन रांगांतल्या आयांनी आपापल्या मुलींचे दंड धरले. स्टेजवर एक उंच, भिडस्त मुलगा स्वतःची माहिती सांगत होता. ‘वय बत्तीस, स्वतःचा टू-बीएचके, कर्ज फिटत आलंय’ इथपर्यंत आला होता बिचारा. तो तिथेच थांबला आणि माइकमध्ये म्हणाला, “मी?”

त्याच्या मागच्या पडद्यावर, जिथे त्याचा फोटो आणि बायोडेटा दिसायला हवा होता, तिथे लाल त्रिकोण होता आणि खाली ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. त्याखाली, हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात, अशी सूचना. ती दीडशे माणसांनी मोठ्याने वाचली. नागपूरहून आलेल्या एका गृहस्थांनी ‘हल्लेखोर’ हा शब्द दोनदा वाचला आणि पर्स सांभाळ म्हणून बायकोला खूण केली.

मंडळाच्या संकेतस्थळाचं काम माझ्याकडे कसं आलं, हे सांगण्यासारखं नाही. ‘तू कॉम्प्युटरमधला ना?’ या प्रश्नाला सहा वर्षांपूर्वी एका बारशात मी ‘हो’ म्हणालो, बस. दंतवैद्याला कुणी बारशात दाढ काढायला लावत नाही. आम्हाला मात्र पेढा हातात असतानाच प्रिंटर दाखवतात.

तर लॅपटॉप बगलेत मारून मी निघालो. त्या कार्यालयात मोबाइलची रेंज फक्त भटारखान्यात येते. म्हणून एका बाजूला पन्नास किलो बटाटे, दुसऱ्या बाजूला मसालेभाताचं पातेलं आणि मध्ये उलट्या घातलेल्या डब्यावर मी, अशी बैठक जमली. आणि पाठोपाठ नाना आले.

नाना हे मंडळाचे कार्यवाह. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. शिक्का नसलेला कागद ते वाचत नाहीत. पत्रिकेवर सुद्धा आधी खाली कोपऱ्यात बघतात.

“काय झालंय?” नाना म्हणाले.

“सर्टिफिकेटची मुदत संपलीय, नाना.”

“कुणाच्या?”

“संकेतस्थळाच्या. त्याला एक सर्टिफिकेट लागतं.”

“दाखला म्हण ना. मग माझ्याकडे का नाही आला तो? आवकला नोंद नाही.”

“तो कागदावर नसतो.”

“कागदावर नाही तर शिक्का कशावर मारतात?”

मी म्हटलं, सही असते, डिजिटल. नानांनी विचारलं, कुणाची? मी सांगितलं, लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक संस्था आहे, ना-नफा तत्त्वावर चालते, २०१५च्या डिसेंबरपासून सगळ्या जगाला असे दाखले फुकट देते. ‘फुकट’ शब्दावर नानांचा चेहरा पडला. सरकारी माणसाच्या लेखी, फी न घेता दिलेला दाखला म्हणजे बनावट.

“आणि मुदत किती?”

“नव्वद दिवस.”

“नव्वद दिवस?” नानांनी आचाऱ्याकडे पाहिलं. आचाऱ्यानेही झारा थांबवला. “अरे, उत्पन्नाचा दाखला मार्चअखेरपर्यंत चालतो. माझा हयातीचा दाखला, मी जिवंत आहे हे सांगणारा, तोसुद्धा वर्षातून एकदा नोव्हेंबरात देतो. मी एकाहत्तर वर्षांचा. नव्वद दिवसांत मी जाऊ शकतो, तरी सरकार माझ्यावर वर्षभर विश्वास ठेवतं. आणि तुझ्या त्या स्थळावर तीन महिनेसुद्धा नाही?”

याला उत्तर होतं. दाखल्याच्या जोडीला एक गुप्त किल्ली असते. ती चोरीला गेली तर चोराला तो दाखला फार दिवस वापरता येऊ नये, म्हणून मुदत छोटी. पैसे देऊन घेतलेल्या दाखल्यांचीही मुदत एकेकाळी काही वर्षांची असे. मग ती ८२५ दिवसांवर आली, २०२०मध्ये ३९८ वर. आता दाखले देणारे आणि ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखे संकेतस्थळं उघडणारे प्रोग्रॅम, बनवणारे यांच्या मंडळाने, म्हणजे सीए/ब्राउझर फोरमने, एप्रिल २०२५मध्ये ठराव केलाय, की मार्च २०२६पासून २००, मार्च २०२७पासून १०० आणि मार्च २०२९पासून फक्त ४७ दिवस. बाळंतिणीचा सव्वा महिना आणि वर थोडे दिवस. हे सगळं मी नानांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “ठराव एकमताने झाला का?”

एव्हाना मला सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ ज्या कॉम्प्युटरवर राहतं त्यावर, शिरता आलं होतं. आणि इथे खरी गंमत सुरू झाली. गंमत आता म्हणतो. तेव्हा घाम मानेवरून पाठीत चालला होता, आणि तो मसालेभाताच्या वाफेचा नव्हता. सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम तिथे बसवलेला आहे. मुदत संपायच्या तीस दिवस आधी तो आपणहून नवा दाखला आणतो. त्याला विचारलं, तर म्हणतो, दाखला उत्तम आहे, अजून साठ दिवस शिल्लक. ब्राउझरला विचारलं, तर म्हणतो, काल रात्रीच संपला. ब्राउझरची गुप्त खिडकी (इन्कॉग्निटो) उघडून पाहिली, फोन बदलून पाहिला, आचाऱ्याच्या पोराच्या फोनवर पाहिलं. लालच.

‘तरीही पुढे जा’ असा चोरवाटेचा दुवा अशा वेळी खाली असतो, पण आमच्याकडे तोही नव्हता. कारण गेल्या वर्षी, सुरक्षेची परीक्षा घेणाऱ्या एका चाचणीत नुसता ‘ए’ मिळाला म्हणून मला झोप आली नव्हती. ‘ए-प्लस’साठी मी एचएसटीएस नावाची व्यवस्था बसवली. तिच्यामुळे ब्राउझरला वर्षभरासाठी ताकीद मिळते: या स्थळी सुरक्षित वाटेनेच जायचं, नाहीतर जायचंच नाही. त्या गुणपत्रिकेचा स्क्रीनशॉट मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. तीन अंगठे आले होते, त्यातला एक चुकून.

मग घाबरलेला माणूस जे करतो ते मी केलं. पुन्हा पुन्हा तेच. सर्टबॉटला जबरदस्तीने नवा दाखला आणायला लावला. त्याने आणला आणि इंग्रजीत माझं अभिनंदन केलं. ब्राउझर लाल. पुन्हा आणला. अभिनंदन. लाल. असं पाच वेळा. एवढ्या वेळा माझं अभिनंदन दहावीलाही झालं नव्हतं. सहाव्या वेळी तिकडून सांगण्यात आलं की एकाच नावाचे एका आठवड्यात पाचच दाखले मिळतात, आता थांबा. चूक त्यांची नाही. फुकटच्या पंगतीत सहावी जिलेबी मागणाऱ्याला कुणीतरी थांबवायलाच हवं.

“हे सगळं कशासाठी असतं पण?” नानांनी बटाट्यांच्या पोत्यावर बैठक मारत विचारलं. मी म्हटलं, ब्राउझरला खात्री हवी असते की समोरचं स्थळ म्हणतंय तेच आहे. ती खात्री तो आपल्या माहितीतल्या माणसाकडून घेतो. मूळ संस्था असते, तिच्यावर त्याचा विश्वास. ती मधल्या एकाला सही करून देते, तो मधला आपल्याला.

“म्हणजे मध्यस्थ,” नाना म्हणाले.

“हो. इंटरमीजिएट म्हणतात त्याला.”

“त्यात काय एवढं? मुलगा कोण, तर अमक्यांचा भाचा. अमके कोण, तर आपल्या तमक्यांचे व्याही. तमके आपले. संपलं. मध्यस्थाने नाव सांगितलं नाही, तर लग्न मोडतं.” इथे मला उगाच बरं वाटलं. हीच साखळी माझ्या ऑफिसातल्या नव्या पोरांना समजवायला मला दीड तास आणि अकरा आकृत्या लागल्या होत्या. मध्यस्थाचा दाखला सर्व्हरवर ठेवायला विसरलं की काही फोनवर स्थळ उघडतं आणि काहींवर अडतं, हेही ते आपणहून म्हणाले: “काही घरं चौकशी करत नाहीत. काही करतात.”

“पण मग मुलगा चांगला, असं सिद्ध होतं का त्याने?”

“नाही. मुलगा हाच तो, एवढंच. दारू पितो का, ते दाखला सांगत नाही.”

“आणि तू तर मागच्या सभेत सांगितलंस, वर कुलूप दिसलं की बिनधास्त बायोडेटा भरा.”

सांगितलं होतं, खरंय. ते चुकीचंही होतं; कुलूप तर चोरांच्या बनावट स्थळांवरही दिसायचं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते कुलूपच काढलं आणि तिथे दोन दांड्यांचं एक चिन्ह बसवलं. त्यानंतर सहा महिने मला मंडळाच्या काकूंचे फोन येत होते: “अरे, कुलूप तुटलंय.” हा माझा पगाराचा वेळ होता. एक काकू रात्री पावणेदहाला फोन करायच्या, मालिका संपली की. कुणी म्हटलं नाही, की बाबा, तू आमच्यासाठी एवढं करतोस, चहा घेऊन जा. गेल्या दिवाळीत कार्यकारिणीतल्या सगळ्यांना सुकामेव्याचा डबा मिळाला. मी कार्यकारिणीत नाही. मी ‘तांत्रिक सहकार्य’ आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर, मांडववाल्याच्या खाली.

बाहेर माइकवरून ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हा शब्दप्रयोग चौथ्यांदा झाला. तो उंच मुलगा अजून स्टेजवरच असणार, असं मला उगाच वाटत राहिलं.

“आता शांतपणे सांग,” नाना म्हणाले. “नवा दाखला आलाय?”

“आलाय. सहा आलेत. एक आधीचा, पाच आजचे.”

“कुठे ठेवलेत?”

“सर्व्हरवर. नेहमीच्या जागी.”

“लोकांना दाखला दाखवतो कोण?”

“इंजिनएक्स. म्हणजे तो प्रोग्रॅम, जो दारात उभा असतो.”

“मग त्या इंजिनवाल्याला सांगितलंस का, नवा आलाय म्हणून?”

मी गप्प.

“आमच्याकडे एकदा काय झालं,” नाना पोत्यावर रेलले, “कार्यालयाचं नाव बदललं. नवा गोल शिक्का आला. साहेबांनी तो सही करून घेतला आणि कपाटात ठेवला. रीतसर नोंद. पण खिडकीवर जो बसायचा, त्याला कुणी सांगितलंच नाही. तो सहा महिने जुनाच शिक्का मारत होता. लोक परत यायचे, भांडायचे. साहेब कपाट उघडून बघायचे, शिक्का जागेवर! म्हणायचे, आपल्याकडे सगळं व्यवस्थित आहे. पुन्हा कपाट बंद.”

झालं होतं अगदी तेच. इंजिनएक्स सुरू होताना दाखला एकदा वाचून डोक्यात ठेवतो, मग फाइल बदलली तरी ढुंकून बघत नाही. नवा दाखला महिन्यापूर्वी वेळेवर आला होता. इंजिनएक्सला ‘बाबा, पुन्हा वाच’ असं सांगणारी एक ओळ लिहायची असते. सर्टबॉट ती आपणहून सांभाळू शकतो. पण सहा वर्षांपूर्वी ‘मला सगळं माझ्या हातात हवं’ म्हणून मी ती सोय घेतली नव्हती. आजवर सर्व्हर कधी ना कधी बंद-चालू व्हायचा, म्हणून निभावलं. मुदत संपत आल्याची आठवण करणारी पत्रं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५मध्ये बंद केली, त्यावर खापर फोडायचा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण तसं पत्र आलंच नसतं. त्यांच्या दप्तरी सगळं वेळेवर होतं.

एक ओळ टाइप केली. एंटर. बाहेरून टाळ्यांचा आवाज आला.

अठरा वर्षं मी हाच धंदा करतोय. भटारखान्यात, बटाट्यांच्या साक्षीने, मला गोल शिक्क्यावरून इंजिनएक्स शिकवला गेला. नाना उठले, धोतराला लागलेली माती झटकली आणि बाहेर जाऊन माइकवर म्हणाले, “बिघाड मी दुरुस्त केला आहे. कार्यक्रम पुढे सुरू करू.” समारोपात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं. उपमा संपला होता.

सोमवारी सकाळी फोन आला. “त्या दाखल्याची सत्यप्रत हवी, दोन प्रती. फाइलला लावायचीय.” मी वाद घातला नाही. दाखला काही गुपित नसतो, जो येईल त्याला तो दाखवायचाच असतो. गुपित असते ती किल्ली. मी अक्षर-आकड्यांच्या त्या तीसेक ओळी छापून नेऊन दिल्या. नानांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचायचा प्रयत्न केला, मग दुसरी. “मोडी बरी,” म्हणाले. मग ड्रॉवर उघडून मंडळाचा गोल शिक्का काढला, हाः करून त्यावर वाफ सोडली आणि बरोबर खालच्या उजव्या कोपऱ्यात मारला. मुदत संपायची तारीख मला विचारून लाल शाईने वर लिहिली आणि कॅलेंडरवर त्याच्या आधी एक महिन्याला गोल केला.

“या दिवशी मी फोन करीन,” ते म्हणाले. “एकच विचारायला. खिडकीवर सांगितलंस का?”