बाणातला ण आणि रिकामी बादली

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला ‘आज पाणि येनार नाही, भरून ठेवा’ असं आलं, तर बादल्या भरायला धावू नका. ते काय, कुणीही करील. आधी लिहा : ‘पाणी, णी दीर्घ. येणार, बाणातला ण.’ मग कुणीतरी विचारतंच, ‘आणि’चा णि का ऱ्हस्व? तेव्हा साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम, 1972 मध्ये पडलेली 4 नियमांची भर, सगळं सविस्तर सांगा. अठराव्या नियमापर्यंत नळ गेलेला असतो.

दुरुस्ती एकट्याला गाठून कधी सांगू नये. त्याने फक्त चूक सुधारते.

शोकसंदेश ही तर पर्वणीच. कुणाचे वडील गेलेले असतात आणि खाली तीस जणांनी ‘भावपुर्ण’ लिहिलेलं असतं. तिथे ‘पू दीर्घ’ एवढंच टाकावं, पुढे हात जोडलेले. (‘श्रद्धांजली’तल्या ‘ली’ला मात्र हात लावू नका. संस्कृतात ती ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. हा वाद तेराव्यापर्यंत पुरतो.)

कधी आपल्याच हातून ‘शुध्दलेखन सुधारा’ असं जातं, ‘द’च्या आधी ‘ध’ घुसतो. घाबरू नका. दुसऱ्याची ती चूक, आपला तो कीबोर्ड.

स्वतःचा मजकूर बदलायला व्हॉट्सॲपने 2023 पासून पंधरा मिनिटं दिली आहेत. पुष्कळ झाली. ‘टाकी शनिवारी धुणार’ असं तुम्ही लिहिलंत आणि तळमजल्यावरच्या काकूंनी ‘अहो, रविवारी ना?’ म्हटलं, की गुपचूप रविवार करा आणि विचारा, ‘काकू, मी दुसरं काय लिहिलंय?’ खाली ‘एडिटेड’ उमटतं खरं, पण इतकं बारीक की काकू चष्मा आणेपर्यंत बाकीचे त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागतात. वेळ टळली असेल तर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा. मग तिथे काय होतं, यावर ग्रुप दिवसभर चालतो. ‘चुकलं माझं, रविवार वाचावे’ असं सरळ लिहिणारेही असतात म्हणा; त्यांना कुणी ॲडमिन करत नाही.

सकाळचा तो मेसेज आमच्या वॉचमनचा होता. दुपारी त्याने पुन्हा लिहिलं, ‘पाणी आलं आहे, अर्धा तास राहणार.’ णी दीर्घ, ण बाणातला. दुरुस्त करण्याजोगं काहीच नव्हतं, त्यामुळे तो कुणी वाचला नाही.