पुण्यात फुटबॉल चालत नाही म्हणे!

आज डोकं फिरलंय. कँटीनमध्ये आमच्या टीममधला एक नवा पोरगा, अंगात मँचेस्टर युनायटेडची जर्सी, डबा उघडता उघडता ऐटीत म्हणतो, "सर, पुण्यात फुटबॉल कल्चरच नाही, म्हणून तर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, टीम गेली." अरे बाळा, 2013 ला फर्ग्युसन गेल्यापासून तुझ्या क्लबात मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शर, टेन हाग, अमोरिम अशी कोचची रांग लागलीये, एकानं कोट्यवधी ओतून आणलेली पोरं दुसरा येऊन बेंचवर बसवतो, आणि तू पुण्याचं कल्चर काढणार?

मी बालेवाडीला आपल्या एफसी पुणे सिटीच्या मॅचला जायचो तेव्हा आमच्या स्टँडमध्ये खडकीचे एक काका असायचे, दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. मांडीवर शंभर पानी वही, मॅच सुरू व्हायच्या आत लाइन-अप उतरवून तयार. प्लेअर्सची नावं निळ्या पेननं आणि कोचचं नाव पेन्सिलनं. मी विचारलं, असं का हो? तर म्हणाले, "खोडायला बरं पडतं."

काय चुकलं त्यांचं? कोच बघा, 2014 ला कोलोम्बा, 2015 ला डेव्हिड प्लॅट, 2016 ला हबास. हबास म्हणजे कोलकात्याला पहिली आयएसएल जिंकून दिलेला माणूस, आपल्याकडे तोही एका सीझनपुरताच, पुढचा सीझन तोंडावर आलेला असताना तो गेला आणि पोपोविच आला. दरवर्षी नवा माणूस म्हणजे दरवर्षी नवं गणित, कालचा राइट बॅक आज कुणालाच नको. आणि प्लेअर घेताना विचार कसला, तर पोस्टरवर कोण दिसेल! त्रेझेगे, मुटू, नाव मोठं लक्षण खोटं. 2016 ला गुडयॉनसनला गाजावाजा करून घेतलं, तो सीझनच्या आधीच इंजर्ड, एक मॅच नाही खेळला.

हो, माहितीये, पहिली तीन वर्षं आयएसएल जेमतेम अडीच महिन्यांची असायची, तेवढ्यात कोण काय टीम बांधणार. ठीके, ते सोडून देतो.

पण 2017-18 ला काय कारण होतं? तेव्हा टीम खरंच जमली होती हो. पुढे मार्सेलिन्हो आणि अल्फारो, गोलमध्ये विशाल कैथ, आणि विंगवर आशिक कुरुनियन, जो पुणे एफसी या आपल्या जुन्या, वेगळ्या क्लबच्या अकॅडमीत घडलेला. तो बॉल घेऊन टचलाइनवरून सुटला की काका वही मिटून उभेच राहायचे. चौथा नंबर आला, पहिल्यांदाच सेमीफायनल. मार्चमध्ये बालेवाडीला बंगळुरूशी 0-0 झालं, आणि त्या रात्री काकांनी पोपोविचचं नाव पेननं लिहिलं. मी बघितलंय, शेजारी बसून. बंगळुरूला जाऊन 3-1 हरलो, छेत्रीची हॅटट्रिक, ठीक आहे, छेत्री आहे तो, त्याचं दुःख नाही.

दुःख त्यानंतरचं आहे. पोपोविच गेला. पाकेता नावाचे ब्राझीलचे गृहस्थ आले असं जाहीर झालं आणि सीझन सुरू व्हायच्या आतच ते तिकडच्या बोटाफोगो क्लबला निघूनही गेले. मग पोर्तुगाल नावाचा स्पॅनिश कोच, तीन मॅचमध्ये नारळ. मग तात्पुरते प्रद्युम रेड्डी, मग डिसेंबरात फिल ब्राऊन. एका वर्षात! अहो, आमच्या सोसायटीचा वॉचमन पण याहून जास्त टिकतो!! आणि त्याच उन्हाळ्यात बंगळुरूचाही कोच गेला होता बरं का. त्यांनी काय केलं, रोकाच्या जागी त्याचाच असिस्टंट क्वाद्रात बसवला, खेळायची पद्धत तीच, प्लेअर बरेचसे तेच, आणि 2018-19 ची ट्रॉफी घरी. ह्याला काय अक्कल लागते सांगा.

काकांच्या वहीत पोपोविचच्या नावावर मग आडवी रेघ आली, पेननं लिहिलेलं खोडणार कसं.

2019 ला आपली टीम बंद, ती जागा हैदराबादला. पहिल्या वर्षी तेही तळाला. पण मग मानोलो मार्केझ कोच म्हणून आला, त्याला तीन सीझन मिळाले, त्यानं देशी पोरांना धरून टीम बांधली आणि 2022 ला ते चॅम्पियन! ती फायनल घरी टीव्हीवर बघताना मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, आई पण आहे फेसबुकवर. (पुढे त्यांचेही पैशाचे वांधे झाले, आणि आपल्याकडेही शेवटी पैशाचंच घोडं अडलं होतं, कबूल. पण पैसे होते तेव्हा कुठे दिवे लावले?)

त्या पोराला मी जास्तच बोललो बहुतेक, बिचारा दही-भात तसाच ठेवून उठला. तो तेव्हा शाळेत असेल, त्याला कुणी सांगितलंच नसणार की मॅच संपल्यावरही ढोल वाजवत गेटपर्यंत जाणारी माणसं होती इथे. त्यांनी जीव लावायचा आणि दर दिवाळीला नवा चेहरा ओळखायचा, किती वर्षं करतील?

आणि आता खाली कमेंटमध्ये "बालेवाडी लांब पडायचं रे" लिहायला जे येणार आहेत त्यांच्यासाठी: हो, पडायचं, रात्री परत यायला पीएमपी मिळायची नाही हेही खरं. पण तुम्ही सगळे रोज हिंजवडीला जाता, बालेवाडी वाटेतच लागते.