ग्रामसभा न घेता गावाचं भविष्य कसं ठरवावं

परवा दुपारी पंचायतीचा शिपाई दारात आला. बगलेत रजिस्टर, कानावर पेन. "काकू, इथं एक सही करा. काल महिला सभा झाली ना, तिची."

"कुठं झाली?"

"शाळेत."

शाळा आमच्या घरासमोरच आहे. आदला दिवसभर मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते आणि सुट्टी म्हणून शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. कुंपणातून दोन शेळ्या तेवढ्या आत शिरल्या होत्या. त्यांना हजर धरलं असेल तर माहीत नाही. रजिस्टर हातात घेतलं तर गावातल्या निम्म्या बायका सभा करून घरी परतलेल्या. माझी सूनसुद्धा येऊन गेली होती, जी महिनाभर बाळंतपणासाठी माहेरी आहे. सही मात्र फार सुरेख केली होती तिनं, तिला स्वतःला जमत नाही इतकी. सभेचा विषय होता, येणाऱ्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यावर चर्चा करून सर्वानुमते मंजुरी देणे.

मी सही केली नाही. पोरगा वाईट नाही, त्याला वाद नको होता. "असू द्या काकू, तुमच्यावाचून पण भरतंय," म्हणाला आणि शेजारच्या घरी गेला.

गावाचं भविष्य इतक्या सुटसुटीतपणे ठरवता येतं, हे सगळ्याच गावांना जमत नसेल. तेव्हा ज्या गावात अजून लोकांना बोलावून, बसवून, विचारून वेळ वाया घालवतात, त्यांच्यासाठी आमच्या गावची पद्धत इथं लिहून ठेवते.

पहिलं काम नोटिशीचं. ग्रामसभेची नोटीस आठवडाभर आधी लावायची असते, तर ती जरूर लावा. फक्त कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर लावा आणि कार्यालयाला कुलूप घाला. दवंडीची गरज नाही, दवंडीवाला आता म्हातारा झालाय. त्यापेक्षा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला नोटीस टाका आणि मागोमाग सदस्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पाडा. सकाळपर्यंत नोटीस केकच्या फोटोंखाली व्यवस्थित पुरली जाते. पुन्हा कोणी विचारलंच तर, "ग्रुपवर टाकली होती की!"

वेळ दुपारी बाराची ठेवा. सोयाबीन काढणी चालू असेल तर उत्तम.

मग कोरम. कायदा सांगतो, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. अडाणी गावं इथंच घाबरतात. घाबरू नका. पंधरा-वीस टाळकी जमली की घड्याळ बघा, हळहळ व्यक्त करा आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब करा. तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही. पुन्हा वाचा. कोरम लागत नाही. लोकांनी यावं म्हणून केलेल्या कायद्यात लोक न आल्यावर काय करायचं त्याचीही सोय आहे, आणि आमच्या गावात तीच सोय मुख्य रस्ता झाली आहे.

सरपंच बाई असतील तर खुर्ची त्यांना द्या आणि माईक त्यांच्या मिस्टरांना.

सभेत सुरुवात मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यानं करावी. मागची सभा झालेली नसल्यानं ते वाचायला फारसा वेळ लागत नाही. एखादा निवृत्त फौजी किंवा कोर्टकचेरी केलेला म्हातारा उठून म्हणेल, हिशेब दाखवा. त्याला प्रेमानं सांगा, "अण्णा, तुमचा मुद्दा आयत्या वेळच्या विषयात घेऊ." आयत्या वेळचे विषय येईपर्यंत चहा येतो आणि चहानंतर सभा उरत नाही. तरीही तो ऐकला नाही तर तो कोणत्या गटाचा आहे हे मोठ्यानं विचारा. गटाचं नाव निघालं की मुद्दा संपतो, हा आमचा कायमचा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष आराखडा. 2015 मध्ये चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट पंचायतीला यायला लागले आणि सरकारनं सांगितलं, आमचं गाव आमचा विकास, बसा आणि आपलं आपण ठरवा. शिवारफेरी काढा, वाडीवस्तीवर जा, बायकांची वेगळी सभा घ्या, मुलांना विचारा, गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढा. आमच्याकडे रांगोळीचा कार्यक्रम झाला, पण तो साहेब येणार होते म्हणून. त्यांच्या गाडीपुढं सुस्वागतम काढलं होतं.

हल्ली नऊ संकल्पनाही ठरवून दिल्या आहेत. गरिबीमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, महिलास्नेही गाव वगैरे. त्यातली निवडायची कशी, तर जी तुमच्या गावात सर्वांत कमी आहे ती निवडा. फलक छान दिसतो. शाळेचा पट वीसच्या खाली घसरला आणि ती दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन होणार अशी कुजबुज सुरू झाली, की बालस्नेही गाव.

पण संकल्पना काहीही घ्या, कामं तीच लिहायची. आराखड्याची भाषा एकदा शिकून घेतली की जन्मभर पुरते. "अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर सिमेंट काँक्रीट रस्ता करणे." "तमुक यांचे घर ते मारुती मंदिर पेव्हर ब्लॉक बसवणे." "मारुती मंदिर ते पुन्हा अमुक यांचे घर बंदिस्त गटार करणे." हा आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही बघता येतो, पासवर्ड लागत नाही. मी मोबाईलवर उघडून बसले. माझ्या गावाचं भविष्य एका घरापासून निघतं आणि दुसऱ्या घराशी थांबतं. ती घरं कोणाची ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रस्ता आधी करायचा, मग जलजीवन या नळपाणी योजनेच्या पाइपासाठी फोडायचा, मग फोडलेला रस्ता पुढच्या आराखड्यात घ्यायचा. काम कधी संपत नाही, आणि कामाला लागलेले लोकही कधी बदलत नाहीत.

बाकीच्यांना 2515 मधून, म्हणजे गावातल्या कामांसाठीच्या राज्य सरकारच्या निधीतून, सभामंडप द्या. सभा होत नसली तरी मंडप हवाच.

बायकांचं काय, असा प्रश्न येतो. कायद्यानं ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती कशी घ्यायची ते वर सांगितलंच. रजिस्टर स्वयंपाकघरापर्यंत पोचवा. बाईच्या हाताला पीठ असेल तर शिपायानंच सही करावी, तेवढीच तिला मदत. आणि चुकूनसुद्धा बायकांना खरोखर एका जागी बसवू नका, कारण बसल्या तर त्या बोलतील. काय बोलतील ते मी सांगते, फुकट सांगते, शिपाई पाठवायला नको. त्या म्हणतील नळ आहे, तोटी आहे, टाकीला निळा रंग आहे, त्यावर माणशी 55 लिटर असं लिहिलंय, पाणी कुठंय? त्या म्हणतील, येतं ते रात्री दोन वाजता येतं, कारण वीज तेव्हा असते, आणि रात्री दोनला उठून हंडे भरणारी बाई सहाला पुन्हा उठते. त्या म्हणतील, शाळेच्या संडासाला कडी नाही, म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. त्या म्हणतील, बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट केलाय, पण एसटी कुठंय? सकाळची गाडी बंद झाल्यापासून वस्तीवरच्या पोरींची कॉलेजं सुटली आणि सुटलेल्या पोरींची लग्नं लागली. हे कुठल्या आराखड्यात कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत लिहायचं? त्या म्हणतील, उपकेंद्राची इमारत आहे, फरशी आहे, पाटी आहे, बाळंतपणाला मात्र तालुक्याला जा. दारूचं दुकान, ते तर विचारूच नका. आणि या सगळ्यात पेव्हर ब्लॉक एकीनंही मागितलेला नसेल. एकीनंही! तरी आराखड्यात पेव्हर ब्लॉक आहेत आणि खाली आमच्या सह्या आहेत. पंधराव्या वित्त आयोगानं 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, कारण सोडला असता तर तोही ब्लॉकखाली गेला असता हे दिल्लीत बसलेल्यांनाही कळलं होतं. तर इथल्यांनी गटारालाच स्वच्छता म्हटलं. आमच्या गल्लीत गटार बंदिस्त आहे, उतार नाही. पाणी बंदिस्त होऊन बसतं आणि डास तेवढे मोकळे सुटतात.

असो. सल्ला द्यायचा होता.

अभ्यासदौरा अवश्य काढा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या आदर्श गावाला जा. 1989 पासून त्या गावानं काय केलं ते ऐका. पावसाळा संपला की तिथं पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पडलं, किती मुरलं, किती उरलं, आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे. ऊस-केळीला नाही म्हणायचं धाडस आहे. हे सगळं माना डोलावत ऐका, ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांसोबत फोटो काढा आणि येताना शिर्डी करून या. आमची मंडळी आली, तर येण्याच्या आठवड्यातच उपसरपंचाच्या मळ्यात बोअरची गाडी उभी होती. पाचशे फूट गेले, धूळ निघाली. शंभर फुटांवर दुसरा घेतला.

स्वागत कमान मात्र विसरू नका. गावात कोणी राहिलं नाही तरी कमानीवर नावं राहतात.

तरुणांना विचारायची गरज नाही. ते चाकणला असतात.

तज्ज्ञ म्हणून शेवटचा सल्ला आराखडा भरण्याबद्दल. तो ग्रामसेवकानं लिहू नये. त्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्याच्याकडे तीन गावं आहेत आणि आपल्या वाट्याला तो मंगळवारी येतो, तेसुद्धा तालुक्याची मीटिंग नसेल तर. आराखडा संगणकावरच्या पोराला भरू द्या. त्या पोराचं मानधन थकलेलं असतं, शेजारच्या गावाचा आराखडा त्याच्याकडे तयार असतो, नाव बदललं की झालं. कधी नाव बदलायचं राहतं. आमच्या मागच्या आराखड्यात नदीघाटाचं सुशोभीकरण होतं. आमच्या गावाला नदी नाही.

हे मी हसत लिहायला घेतलं होतं. आता हसू येत नाही.

कारण हे सरपंचानं एकट्यानं केलेलं नाही. त्या रजिस्टरवर खऱ्या सह्याही होत्या, आणि त्या तुम्ही केल्यात. शेजारणींनो, तुम्ही दारात उभ्या राहून, काय आहे ते न वाचता केल्यात. लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील अशी भीती कोणीतरी घातली म्हणून केल्यात. ते पैसे सरकारकडून येतात, सरपंचाच्या खिशातून नाही, आणि सही न केल्यानं कुणाचे बंद होत नाहीत. आणि बापयांनो, तुम्ही तर सभेच्या दिवशी पारावर होतात. पन्नास पावलांवर. पत्ते कुटत होतात. शिपाई दोनदा बोलवायला आला तेव्हा "चालू द्या तुमचं" म्हणालात. मग चालू दिलं त्यांनी! आता रस्ता तुमच्या दारापर्यंत आला नाही म्हणून कोणाच्या नावानं बोंबलता?

पुण्या-मुंबईच्या लोकांनो, तुमचं तर बोलायलाच नको. जत्रेला येता, डोंगर बोडका झाला म्हणून हळहळता, ग्रुपवर "गावात काही राम राहिला नाही" असं लिहिता आणि रविवारी संध्याकाळी निघून जाता. मत मात्र अजून गावातच ठेवलंय. निवडणुकीला गाडी पाठवली की येता. मग 26 जानेवारीला या की. झेंडावंदनाला येताच, दोन तास आणखी थांबा, सभेत बसा, आपल्या आईच्या नळाला पाणी का नाही ते उभं राहून विचारा. तुम्हाला कोणाच्या गटाची भीती? तुम्हाला काय इथं रेशन घ्यायचंय की जनावरांना गायरान हवंय? ज्यांना हवंय त्यांनी बोलायचं आणि तुम्ही लाईक करायचं, होय?

आराखड्याची प्रत मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत द्यावीच लागते. महिला सभेचं रजिस्टर बघायला मागा आणि आपली सही आपली आहे का ते बघा. नसेल तर गटविकास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्या म्हणते, तोंडी सांगून येऊ नका. तोंडी सांगितलेलं सगळं आयत्या वेळच्या विषयात जातं.

आणि "एकटीनं बोलून काय होतंय काकू" हे सांगायला आता माझ्या दारात कोणी येऊ नका. चाळीस जणी येऊन हे सांगून गेल्यात. त्या चाळीस जणी एकदा सभेला आल्या असत्या तर सांगायला यावं लागलं नसतं.