चालतोय की अजून!

"अहो साहेब, चालतोय की अजून!" आंब्याच्या सीझनमध्ये रत्नागिरीकडच्या कुठल्याही कॅनिंग युनिटच्या लॅबमध्ये डोकावा, हे ऐकायला मिळणारच. काय चालतोय? पीएच मीटरचा, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या यंत्राचा, रसात बुडवायचा इलेक्ट्रोड! पीएच सात आणि चारच्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांमध्ये, २५ अंशांना साधारण १७७ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा, येतोय १४०. स्लोप, म्हणजे हव्या त्या फरकापैकी प्रत्यक्षात येणारा हिस्सा, ८० टक्केसुद्धा नाही! साफ करूनही ८५च्या वर येत नसेल तर इलेक्ट्रोड फेकायचा असतो हो! पण नाही. मीटरवर आकडा दिसतोय ना, मग झालं. आकडा काय, इलेक्ट्रोडच्या टोकाच्या काचेच्या बल्बला तडा गेला तरी दिसतो. आमरसात बुडवा नाहीतर कोकम आगळात, सगळं सातच्या आसपास!

जंक्शन, म्हणजे इलेक्ट्रोडचं बारीक सच्छिद्र तोंड, पल्पने बुजलेलं, रीडिंग स्थिर होईपर्यंत चहा पिऊन यावं. रात्री ठेवायचा कशात? डिस्टिल्ड वॉटरमध्ये! मग ती पोटॅशियम क्लोराइडची बाटली काय शोभेला आणलीय? आणि पीएच ४.६च्या वर गेलेला, म्हणजे आंबटपणा कमी पडलेला डबा चुकून बाहेर पडला, तर बोटुलिझमला, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेला, जबाबदार कोण, आंबा?

हापूसच्या पेट्यांना हवे तेवढे पैसे मोजतील. इलेक्ट्रोड म्हटलं की "पुढच्या सीझनला बघू." अरे, काच आहे ती, कपाटात पडूनही म्हातारी होते!

वर कॅलिब्रेशन रजिस्टर, म्हणजे मीटर रोज तपासल्याची वही, बघा. रोज स्लोप ९८ टक्के, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेला. ऑडिटवाले म्हणे जाम खूश.