साडेबावीस मिनिटांचं क्वालालंपूर

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वूडलंड्सला, आमचं घर; त्याच्या खिडकीतून मलेशिया दिसतो. मध्ये सामुद्रधुनी, तीवर जेमतेम किलोमीटरभराचा कॉजवे, म्हणजे पाण्यात भराव घालून केलेला रस्ता, पलीकडे जोहोर बाहरूच्या इमारती. पण क्वालालंपूरला विमानाने जायचं, तर आधी मलेशियाकडे पाठ फिरवून सिंगापूरच्या पार पूर्व टोकाला, चांगीला जावं लागतं. सांगलीहून आलेल्या सासऱ्यांना हे काही केल्या पटेना. अण्णा गणिताचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, गणितातून नाही.

"अंतर 300 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 800. म्हणजे साडेबावीस मिनिटं! आणि बसला सहा तास? जावईबापू, बसचं नाव काढू नका."

तिकिटावर एक तास पाच मिनिटं छापलेली पाहून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वरची साडेबेचाळीस मिनिटं कसली?"

मी सांगितलं, विमान आधी धावपट्टीपर्यंत रखडतं, मग चढतं, आणि चढून जरा स्थिरावतंय तोच उतरायला लागतं. अण्णांनी हातचा धरायचा राहिलेल्या पोराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

विमान सकाळी नऊचं. दोन तास आधी हजेरी, त्याआधी तास-सव्वा तास मेट्रो; म्हणजे बाहेर पडलो तेव्हा मिट्ट काळोख. इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. 1982 च्या पहिल्या दिवशी मलेशियाने द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे केली, मागोमाग सिंगापूरनेही केली; सूर्याला कुणी कळवलं नाही.

विमानात अण्णांनी चहा मागवला. पैसे देऊन. कागदी पेला आला, त्यांनी बशी मागितली. बशी म्हणजे काय हे मी हातवारे करून समजावत होतो, तेवढ्यात पट्टे बांधायची घोषणा झाली. हवाई सुंदरीने हसतमुखाने समोरचं टेबल मिटवलं. अण्णांच्या एका हातात पासपोर्ट, दुसऱ्यात वाफाळता चहा, आणि विमान डावीकडे कललेलं. त्यांनी तो एका दमात संपवला. पुढची दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. गणितसुद्धा नाही.

उतरलो ते क्वालालंपूरला नाहीच, सेपांगला. शहर तिथून पन्नासेक किलोमीटर. आगमनाचा फॉर्म बायकोने आदल्या रात्रीच मोबाइलवर भरला होता, म्हणून आमची रांग जलद होती असं समजायचं. मग एक अख्खा मॉल ओलांडायचा, मग शहराकडे जाणारी गाडी. ती मात्र अर्ध्या तासात सुळकन केएल सेंट्रलला आली. अण्णा खूश. "हीच का नाही नेली सिंगापूरपर्यंत?" ठरलं होतं, म्हटलं. दोन्ही सरकारांनी 2016 मध्ये करार केला, दीड तासात पोचवणार होते; 2021 उजाडताना मोडला.

फलाटावर बॅगेवर बसून अण्णांनी हिशेब मांडला. घराच्या दारापासून इथवर सात तास. भागिले. ताशी 43 किलोमीटर. "एवढ्यात आपली एसटी चहाला थांबून जाते!" बायको म्हणाली, "अण्णा, बसने सहाच लागले असते." तिकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं आणि भिंतीवरचा नकाशा न्याहाळला.

"पिनांग किती लांब?"

"तेही साधारण तीनशेच किलोमीटर."

"म्हणजे साडेबावीस मिनिटं." अण्णा उठून उभे राहिले. "विमान कुठून सुटतं?"

"आत्ता उतरलो ना, तिथूनच."