सहा टक्के नफा दाखव, हिशेबाची वही कशाला?

नोकरी सोडून चार मशीनवर शाळेच्या युनिफॉर्मची मजुरी सुरू केली, तेव्हा हा सल्ला किमान चार जणांनी दिला. सोलापुरात या धंद्यात उतरणाऱ्याला तो चहाबरोबर फुकटच मिळतो.

सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर बँकेतून आलेल्या पैशावर 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा धरता येतो. ऑडिट नाही, वह्यांची सक्ती नाही. पण हे 'कमीत कमी' आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, हे कुणी सांगत नाही.

मी दोन वर्षं डोळे झाकून सहा टक्के दाखवले. मग काज-बटणच्या मशीनसाठी बँकेत गेलो. साहेबांनी रिटर्न दोनदा उलटून पाहिलं.

"वर्षाचं उत्पन्न 1 लाख 8 हजार? मग हप्ता कशातून भरणार?"

उलाढाल 18 लाखांची होती. काय बोलणार! वर गंमत अशी, की तेव्हा नव्या करप्रणालीत 7 लाखांपर्यंत कर लागतच नव्हता (2025-26 पासून तर 12 लाखांपर्यंत). खरा आकडा टाकला असता तरी खिशातून एक रुपया गेला नसता.

त्याच आठवड्यात मधल्या मारुतीजवळून लाल वही आणली. दोऱ्याच्या खोक्यात कोंबलेली बिलं काढली आणि बायको वाचत गेली, मी लिहीत गेलो. हाफ पँटला नगामागे 42 रुपये मिळत होते. कारागीर 24, काज-बटण बाहेरून 4, इलॅस्टिक-चेन-दोरा 9, प्रेस-पॅकिंग 3. उरले 2, आणि त्यात लाइट बिल धरलंच नव्हतं. ट्यूनिकनं कमावलेलं सगळं हाफ पँट खात होती आणि मी मात्र "हाफ पँटला मरण नाही" म्हणत रात्रपाळी करत होतो.

वहीमुळे आणखी एक सापडलं. मजुरीच्या बिलातून काम देणाऱ्या पार्ट्या 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. एका पार्टीनं कापलेला टीडीएस माझ्या पॅनवर दिसेचना. तीन फोन केले, मग भरला. रिटर्न भरल्यावर तो परतही आला. तोवर मी ती रक्कम दलालीत गेली असंच समजत होतो.

जीएसटीचंही तेच. नोंदणीसाठी फक्त मजुरी करणाऱ्याला वर्षाच्या उलाढालीची 20 लाखांची हद्द, स्वतःचं कापड घालून निव्वळ माल विकणाऱ्याला 40 लाखांची. मार्च ते मे सीझन, पैसे येणार गणपतीपर्यंत. खात्यातली शिल्लक बघून हद्द कशी कळणार? बिलंच मोजावी लागतात.

सरकारला माझी वही नको असेल. मला हवी आहे.

यंदा हाफ पँटचे 48 सांगितले. "काय वो, एकदम सहा रुपये?" पार्टीवाले म्हणाले. वही पुढं सरकवली. 46 वर ठरलं. कर्जाचं मात्र पुढच्या रिटर्ननंतर या, असं बँकेनं सांगितलंय.